लायकाचे डिजिटल रूप

जर्मन लायका कंपनीच्या १९५४ सालच्या ‘एम-३’ कॅमेऱ्याला बॅटरी लागत नसे. दृश्यदर्शकातील दोन प्रतिमा भिंगाचे कडे फिरवून एकमेकींवर आणायच्या, प्रकाशाचा अंदाज आपणच बांधायचा आणि मग कळ दाबायची. नवशिक्याला हा जाच वाटावा. मुरलेल्या छायाचित्रकाराला त्यातच मोकळीक वाटे, कारण निर्णय यंत्राच्या स्वाधीन नसे. २००६ साली ‘एम-८’च्या रूपाने हा वंश डिजिटल झाला, तेव्हा कंपनीने ही दुहेरी प्रतिमेची युक्ती राखली, जुनी भिंगेही नव्या कॅमेऱ्यावर बसू दिली. मोह पडला तो यामुळेच, आणि परवडणारे थोडे असले तरी मोहाला ऐपत लागत नाही.

पण ‘एम-८’मध्ये काळे कृत्रिम कापड जांभळट उमटू लागले; कंपनीला फिल्टर मोफत द्यावे लागले. २००९च्या ‘एम-९’मध्ये अनेकांच्या संवेदकावरील काच पुढे गंजली. खरे दुखणे येथे आहे. सत्तर वर्षांपूर्वीचा ‘एम-३’ आजही बाजारातल्या पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चालतो. डिजिटल लायकाचा संवेदक गेला आणि तो भाग मिळेनासा झाला, की उरते ते सुबक धातूचे कवच. पिढीजात वस्तूचे मोल घेणाऱ्या कंपनीने सुटे भाग निदान एक पिढी पुरवण्याची लेखी हमी का देऊ नये?