नावासकट सही

दिवाळीत भाचा येऊन गेला. अमेरिकेत असतो. तिथं त्याला एक छंद जडलाय, सुरुवातीच्या अंतराळवीरांची पुस्तकं जमवायचा. नुसती पुस्तकं नव्हेत हं! पहिली आवृत्ती हवी, आत लेखकाची सही हवी, वरचं जॅकेट फाटलेलं नको. येताना माझ्यासाठी एक घेऊन आला. मायकेल कॉलिन्सचं ‘कॅरिंग द फायर’, १९७४ सालचं. आत निळ्या शाईत सही, आणि सहीच्या वर कुणा परक्या मुलाचं नाव.

"मावशी, नाव आहे म्हणून मला परवडलं बरं का," तो म्हणाला. "नुसती सही असती तर तुला फोटोच पाठवला असता."

माझं डोकं तिथंच अडकलं. नाव लिहिलं की किंमत उतरते? हो म्हणे. आर्मस्ट्राँगचं तर सर्रास असं आहे. नुसती सही महाग, ‘अमक्यास’ असं लिहिलेली स्वस्त. पुढच्या गिऱ्हाइकाला मधेच तिसऱ्या माणसाचं नाव नको असतं. आपल्या सह्यांचा बाजार होतोय हे पाहून आर्मस्ट्राँगनं १९९०च्या दशकात मागेल त्याला सही देणं बंदच केलं. तरी बाजार थांबतो थोडाच? २००५ साली त्याच्या न्हाव्यानं त्याचे कापलेले केस ३००० डॉलरला विकल्याचं उघडकीला आलं. असो.

सह्यांच्या बाबतीत मी अगदीच अडाणी नाही. प्रगतिपुस्तकावर वडिलांची खोटी सही करणारी मुलं मी जन्मभर पकडली. खरी सही घाईची, बेफिकीर असते. खोटी सही जपून, हळूहळू काढलेली असते, चित्रासारखी. भाच्यानं सांगितलं की नासाकडे सह्या मागणाऱ्या पत्रांचा एवढा ढीग येई की ‘ऑटोपेन’ नावाचं यंत्र सह्या करून देई. सहीचा साचा यंत्रात बसवायचा, पेन अडकवायचं, की झालं. ओळखायची कशी? दोन सह्या एकमेकींवर ठेवून पाहायच्या. तंतोतंत जुळल्या तर यंत्र! माणूस दोनदा हुबेहूब तीच सही करत नाही. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या सहीचा रबरी शिक्का होता, त्याचीच ही मोठी बहीण. पण यंत्र त्या साच्यातली सही करी, समोरच्या मुलाचं नाव विचारून घेत नसे. म्हणजे जे नाव किंमत उतरवतं, तेच माणसानं हातात पेन धरल्याची बऱ्यापैकी खूण. हे त्या बाजाराला कळत नाही असं थोडंच आहे?

पहिल्या आवृत्तीच्या हट्टाबद्दल मात्र मी भाच्याच्या बाजूची आहे. आधी वाटलं, मजकूर तोच, मग जुना कागद कशाला? पण ‘वुई सेव्हन’ घ्या. पहिल्या सात अमेरिकी अंतराळवीरांचं १९६२ सालचं पुस्तक. त्यात गस ग्रिसम आपल्या जुलै १९६१च्या उड्डाणाबद्दल सांगतो. समुद्रात उतरल्यावर यानाची झडप अवेळी उडाली, यान बुडालं, तो स्वतः बुडता बुडता वाचला. आपण वाचताना आपल्याला ठाऊक असतं की २७ जानेवारी १९६७ला अपोलोच्या चाचणीत, जमिनीवरच, आगीत हा जाणार आहे. पुस्तकाला ते ठाऊक नाही. नव्या छपाईत प्रस्तावना येते, परिशिष्टं येतात, पुस्तक शहाणं होतं. जुनी प्रत अजाणच राहते, आणि मला ती तशीच हवी. ग्रिसमचं स्वतःचं ‘जेमिनी’ १९६८ साली निघालं, तो गेल्यावर. तेव्हा त्याची सही असलेलं ‘जेमिनी’ कुणी विकायला आणलं तर तिथून सरळ उठावं.

कॉलिन्सचं पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून दीड महिन्यात वाचलं. शब्दांकन करणारा कुणी नाही, सगळं त्यानं स्वतः लिहिलंय, आणि ते कळतं. दोघं चंद्रावर उतरलेले, हा एकटा वर घिरट्या घालतोय. दर फेरीत चंद्राच्या पलीकडं गेला की सुमारे ४८ मिनिटं पृथ्वीशी संपर्क नाही. त्याला भीती एकटेपणाची नव्हती. खालच्या दोघांना वर येता आलं नाही, तर त्यांना तिथंच सोडून आपल्याला एकट्यानं परतावं लागेल, ही धास्ती तो सहा महिने मनात बाळगून होता. हे तिघं ऑक्टोबर १९६९मध्ये मुंबईला आले होते. मला जाता आलं नाही, याची चुटपुट इतक्या वर्षांनी पुस्तक वाचताना लागली.

असा माणूस पुढं कधीतरी खाली बसून एका पोराला त्याचं नाव विचारतो, स्पेलिंग विचारतो (विचारलंच असणार, आम्ही मास्तर मंडळीही विचारतो) आणि लिहितो. कॉलिन्स २०२१ साली गेला. तो मुलगा आता बापय्या झाला असेल. पुस्तक त्यानं विकलं की त्याच्या माघारी घरच्यांनी, कोण जाणे.

भाच्याच्या कपाटातली पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत असतात, उघडली की किंमत कमी होते म्हणून. माझं हे पुस्तक मी शेजारच्या नववीतल्या मुलीला वाचायला दिलंय. भाच्याला कळलं तर तो फोन करील. करू दे. तिला एवढंच बजावलंय की खाताना हातात घ्यायचं नाही, आणि पानं दुमडायची नाहीत.