गटारातले विषाणू मोजायचे कशाला?

सिंधुदुर्गातल्या एका गावच्या वाचनालयात विषाणूंवर बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपलं आणि मागच्या बाकावरचे एक शेतकरी उठले. काजूची बाग, दोन गाई, एक बैल असा त्यांचा संसार. म्हणाले, "सर, राग मानू नका. इथे माणसं माकडतापाने आडवी होतात आणि तुम्ही सांगता, शास्त्रज्ञ गटाराच्या पाण्यात जंतूंना होणारे विषाणू मोजतात, वटवाघळांच्या गुहेत शिरतात. आम्हाला त्याचा काय उपयोग? आधी माणसाचं बघा, मग जनावराचं. जंतूंना काय होतं ते सगळ्यात शेवटी."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचं मला वाईट वाटलं नाही, कारण हा पूर्वपक्ष पोकळ नाही. पैसा थोडा आणि रोग फार, अशा देशात आधी दुखणाऱ्या जागी औषध लावा म्हणणं शहाणपणाचंच आहे. हाच आक्षेप मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे, फक्त तिथे त्याला 'उपयोजित संशोधनाला प्राधान्य' असं भारदस्त नाव असतं. पण या आक्षेपाच्या पोटात दोन गृहीतकं आहेत. एक, माणसाचे, जनावरांचे आणि जीवाणूंचे विषाणू हे तीन वेगळे कप्पे आहेत. दोन, त्यातलं काय उपयोगी पडणार हे आपल्याला आधीच कळतं. दोन्ही गृहीतकं खोटी आहेत.

कोविशील्डचा डोस ज्याने ज्याने घेतला, त्याच्या दंडात चिंपांझीचा एक विषाणू टोचला गेला आहे. पडसं आणणाऱ्या कुळातला अॅडेनोव्हायरस, शरीरात वाढू नये असा केलेला, आणि त्यात करोनाच्या काट्याचं जनुक बसवलेलं. चिंपांझीचाच का? माणसांत फिरणाऱ्या अॅडेनोव्हायरसांविरुद्ध आपल्या रक्तात बहुधा आधीपासूनच प्रतिपिंडं असतात, आणि ती लसीला वाटेतच अडवू शकतात. हे कळलं, कारण कोणीतरी साथ नसताना चिंपांझींच्या अॅडेनोव्हायरसांचा अभ्यास करत होतं. एमआरएनए लसींचीही तीच कथा. त्यातला रेणू प्रयोगशाळेत लिहून काढणारं विकर टी७ नावाच्या विषाणूकडून घेतलेलं आहे, आणि टी७ हा आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूला लागणारा विषाणू. माणसाच्या रोगावरची लस एकीकडे चिंपांझीकडून आली, दुसरीकडे जंतूच्या दुखण्यातून. कप्पे कुठे राहिले?

उलट्या दिशेनेही ते राहत नाहीत. पक्ष्यांचा म्हणून ओळखला जाणारा एच५एन१ मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत सापडला. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच विषाणूने दगावले.

आता दुसरं गृहीतक. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे, लोक चिकुनगुनिया आणि डेंगी शोधत होते. दोन रुग्णांच्या रक्तातून मात्र भलताच विषाणू हाती लागला. गावावरून त्याचं नाव पडलं चांदीपुरा. तो तापापलीकडे काही करतो असं तेव्हा दिसलं नाही. आपल्या सभेतल्या मतदानाने ठरलं असतं तर त्याच दिवशी त्याची फाइल बंद झाली असती: दोन रुग्ण, साधा ताप, ठेवून काय करायचं? पण तो ठेवला गेला, त्याचं वर्णन छापलं गेलं, तो रॅबडोव्हायरसच्या कुळात बसतो हे नोंदलं गेलं, वालुमाशीशी त्याचं नातं तपासलं गेलं.

मग २००३ आलं. आंध्र प्रदेशात मुलं सकाळी खेळत असायची, दुपारी ताप, मग झटके, मग बेशुद्धी, आणि एक-दोन दिवसांत मूल हातचं जायचं. ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. मेंदूज्वर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जपानी मेंदूज्वर येतो. पण पुण्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली बंदुकीच्या गोळीसारखे कण दिसले आणि ओळख पटवायला १९६५ चा चांदीपुरा घरातच होता. अडतीस वर्षांपूर्वीची 'निरुपयोगी' नोंद नसती तर त्या मुलांच्या मृत्यूला नावही मिळालं नसतं. पुढे तोच विदर्भात दिसला आणि २०२४ मध्ये गुजरातेत. कोणी म्हणेल, नाव मिळून काय झालं, त्यावर औषध नाही की लस नाही. खरं आहे. पण नाव मिळालं म्हणून वालुमाशी कळली, मातीच्या भिंतींच्या भेगा बुजवा आणि फवारा मारा हे कळलं, ताप चढताच मुलाला कुठे न्यायचं हे कळलं. डासाची फवारणी करून वालुमाशी हटत नाही. तिच्या जागा वेगळ्या असतात.

आणि जंतूंना काय होतं ते? ते तर आपल्या दह्याच्या भांड्यात आहे. डेअरीत हजारो लिटरच्या टाकीत विरजण घालतात आणि कधी कधी दूध तसंच राहतं, आंबतच नाही. विरजणातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जीवाणूला विषाणू लागलेला असतो. जीवाणूंच्या विषाणूला प्रयोगशाळेत सगळे नुसतं 'फेज' म्हणतात. हे नुकसान टाळायला डॅनिस्को या कंपनीतल्या लोकांनी फेजच्या हल्ल्यातून वाचलेले जीवाणू तपासले, आणि २००७ मध्ये दाखवून दिलं की त्या जीवाणूंनी आपल्या जनुकसंचात त्या फेजचे तुकडे जपून ठेवले होते. पुढच्या वेळी तोच फेज आला की तुकड्यावरून ओळखायचा आणि कापून टाकायचा. ही क्रिस्परची व्यवस्था. तिचं कापण्याचं हत्यार २०१२ मध्ये शार्पांतिए आणि डाउडना यांनी हवं तिथे चालवून दाखवलं, २०२० चं नोबेल त्यांना मिळालं, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवर या हत्याराच्या पहिल्या उपचाराला परवानगी मिळाली. सिकलसेल म्हणजे काय हे गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांना सांगावं लागत नाही. अमेरिकेत त्या उपचाराची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. ती त्या पाड्यांसाठी नाहीच, आणि याचा मला संताप येतो. पण तो संताप किमतीवर काढायचा. ज्याने दह्याच्या जंतूंचं दुखणं निरखलं, त्याच्यावर नाही.

इथवर मी एका बाजूशी भांडलो. दुसरी बाजू माझ्या बाजूची वाटते, पण ती मला जास्त सलते. ती म्हणते, फेज हा आपला जुनाच ठेवा आहे, गंगेच्या पाण्यात फेज आहेत, म्हणून गंगा स्वतःला शुद्ध करते. पुरावा म्हणून हँकिनचं नाव येतं. अर्नेस्ट हँकिन आग्र्याला रसायन-तपासनीस होता. १८९६ मध्ये त्याने लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. एवढंच सांगून लोक थांबतात. हँकिनने स्वतः याचं श्रेय हवेत उडून जाणाऱ्या एखाद्या द्रव्याला दिलं होतं. पाणी उघड्यावर उकळलं की गुण जायचा, बंद नळीत तापवलं की राहायचा. फेज तसा वागत नाही, बंद नळीतही तो उकळत्या पाण्यात टिकणार नाही. फेजचा शोध लागला तो १९१५ मध्ये ट्वॉर्टला आणि १९१७ मध्ये फेलिक्स द'एरेलला. द'एरेल १९२७ मध्ये भारतात येऊन पंजाबात पटकीच्या रुग्णांवर फेज वापरून गेला. आपला खरा ठेवा हा आहे, आणि तो अभिमान बाळगण्याजोगा आहे. त्याला हँकिनचं उसनं प्रमाणपत्र नको.

पण मूळ चूक याहून मोठी आहे. कॉलेजात शिकवत असताना तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दर वर्षी एक प्रयोग द्यायचो. कॉलेजमागच्या नाल्यातून बाटलीभर पाणी आणायचं, गाळ बसवायचा, जीवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतून ते गाळायचं. त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचे काही थेंब ई. कोलायबरोबर कोमट, पातळ अगारात मिसळायचे, बशीत ओतायचे, रात्रभर सदतीस अंशांवर ठेवायचे. सकाळी बशीभर जीवाणूंचा दुधी थर दिसतो आणि त्यात गोल, आरपार दिसणारे ठिपके, वाफ धरलेल्या काचेवर पाण्याचे थेंब पडावेत तसे. एकेक ठिपका म्हणजे एकेका फेजच्या वंशाने जीवाणू संपवून मोकळी केलेली जागा. नाल्याच्या पाण्याने बशीत मोजता येणार नाहीत इतके ठिपके पडायचे. कॉलेजच्या बोअरचं पाणी घेतलं की बशी कोरी. मुलांना न सांगता कळायचं: जिथे मैला, तिथे हे जीवाणू, आणि जिथे हे जीवाणू, तिथे त्यांचे फेज.

म्हणूनच आतड्यातल्या जीवाणूंचे फेज पाण्यात सापडले तर पाण्यात मैला मिसळतोय अशी खूण पाणी-तज्ज्ञ धरतात. नदीत फेज भरपूर आहेत हे शुद्धतेचं प्रमाण होऊच शकत नाही. २०२५ च्या महाकुंभात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरित लवादापुढे अहवाल ठेवला, त्यात स्नानाच्या जागी विष्ठेतल्या जीवाणूंचं प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचं नोंदलं होतं. फेज त्यांना पुरे पडत असते तर ही वेळ आली नसती. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. गोदावरीच्या बाबतीत हाच युक्तिवाद ऐकू येईल, म्हणून तो आजच खोडतो आहे. नदीला मैलाशुद्धीकरण केंद्र लागतं.

शिवाय फेज हा आपला मित्रच, हेही अर्धसत्य आहे. पटकीचा जंतू माणसाचं पाणी काढून घेतो ते ज्या विषाने, त्या विषाचं जनुक त्याला एका फेजने दिलेलं आहे. १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलेनोस यांनी हे दाखवलं. घटसर्पाचंही तसंच. जीवाणूला लागलेल्या विषाणूने कित्येक पिढ्यांच्या माणसांचे बळी घेतले आहेत. 'जंतूंना काय होतं ते शेवटी बघा' म्हणणाऱ्याला याहून सरळ उत्तर माझ्याजवळ नाही.

तिसरा आक्षेप भीतीचा. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा गुहा बुजवा, वटवाघळं मारा, अशी भाषा मी कानांनी ऐकली. ऑस्ट्रेलियात निपाहचा चुलतभाऊ हेंड्रा वटवाघळांतून घोड्यांत आणि घोड्यांतून माणसांत येतो. पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की जंगल तुटून वटवाघळांचा हिवाळ्यातला मोहर गेला, ती उपाशी शेतवस्तीत आली, की हेंड्रा उतरतो. ज्या वर्षी रानात मोहर फुलला, त्या वर्षी उतरला नाही. वटवाघळांना हुसकणं म्हणजे विषाणूला दारात बोलावणं. प्रयोगशाळेतून विषाणू सुटतो, ही भीती मात्र खोटी नाही. १९७८ मध्ये बर्मिंगहॅमला देवीचा शेवटचा बळी प्रयोगशाळेतूनच गेला. म्हणून विषाणूला मुद्दाम अधिक संसर्गजन्य करण्याच्या प्रयोगांवर कडक पहारा हवाच, आणि तो नसेल तिथे ते होऊ नयेत असं माझं मत आहे. पण रानात काय आहे ते पाहणं आणि विषाणू घडवणं या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

मग माझी मागणी काय? फेज-उपचारापासून सुरू करतो. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंनी २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट मारली. २०१६ मध्ये सॅन डिएगोला टॉम पॅटरसन हे प्राध्यापक असिनेटोबॅक्टरने मरणाच्या दारात होते. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ, त्यांनी फेज शोधून आणवले आणि पॅटरसन वाचले. ही कथा सगळे सांगतात. काही दिवसांतच जीवाणू पहिल्या फेजना दाद देईनासा झाला आणि नवे शोधावे लागले, हा भाग सांगायचा राहतो. भाजलेल्या रुग्णांवरच्या एका युरोपीय चाचणीत तर फेज हरले, कारण औषध रुग्णापर्यंत पोचेतो त्यातले फेज फार थोडे उरले होते. २०२४ मध्ये बेल्जियमच्या पुढाकाराने शंभर रुग्णांचा अनुभव छापून आला: ७७ टक्क्यांना उतार पडला, आणि सोबत प्रतिजैविक नव्हतं तिथे जीवाणू समूळ जाण्याची शक्यता बरीच घटली. म्हणजे फेज हा जोडीदार आहे, आणि तो ज्याच्या त्याच्या जीवाणूला जुळवून द्यावा लागतो. त्यासाठी फेजांचा संग्रह लागतो, आणि तो आपल्याकडे उभा करा, ही माझी पहिली मागणी. तो संग्रह कशातून भरतो? गटारातून. त्यातला प्रत्येक फेज विषाचं जनुक वाहत नाही ना, हे तपासून. आपल्याकडचे रुग्ण या उपचारासाठी जॉर्जियात तिबिलिसीला गेले आहेत, जिथे १९२३ पासून हे काम चालू आहे. आपल्या गटारांत फेजांची काय कमी आहे, की रुग्णाने तिबिलिसी गाठावं?

आणि माकडताप. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात आधी माकडं पटापट पडली, मग माणसं. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये ताप पसरला तेव्हाही मेलेलं माकड ही पहिली वर्दी होती. ती वर्दी वनरक्षकाला मिळते, हा ताप पसरवणारी गोचीड पशुवैद्याला दिसते, ताप प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, आणि तीन खात्यांची तीन रजिस्टरं एकमेकांना भेटत नाहीत. ती एका टेबलावर आणा, ही माझी दुसरी मागणी. खर्च फारसा नाही.

वाचनालयातल्या त्या संध्याकाळी मात्र मी एवढं बोललो नव्हतो. त्या शेतकऱ्यांना फक्त विचारलं, "लंपी आला तेव्हा तुमच्या गाईंना कसली लस टोचली?"

"लंपीचीच की."

"ती शेळ्यांच्या देवीची होती. गोट पॉक्सची. शेळीचा विषाणू कोणीतरी आधी ओळखून ठेवला होता, तो तुमच्या गाईला कामी आला."

ते थोडा वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, "मग सर, माझ्या गोठ्यातल्या गोचिडांत काय काय आहे, ते कोणी बघितलंय का?"

मी त्यांचा फोन नंबर लिहून घेतला.