सातबारावर बाईचं नाव का पाहिजे



१९८४ च्या जुलैत सुप्रीम कोर्टात मंजुश्री सारडा खटल्याचा निकाल लागला. १९८२ च्या जूनमध्ये ही मुलगी पुण्यात नवऱ्याच्या घरी मेली. लग्नाला चार महिने झाले होते. खालच्या कोर्टाने नवऱ्याला फाशी सांगितली, हायकोर्टाने ती कायम केली, सुप्रीम कोर्टाने पुरावा पुरत नाही म्हणून त्याला निर्दोष सोडलं. खून की आत्महत्या, यावर दोन वर्षं वाद चालला. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टात वाचली गेली. बाईच्या मनातलं ती मेल्यावर वाचतात, पण जिवंतपणी तिने जायचं कुठं, हा आमचा प्रश्न आहे.

या मरणानंतर पुण्यातल्या बाया गप्प बसल्या नाहीत. नारी समता मंच उभा राहिला, 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन निघालं. १९८३ साली कायद्यात ४९८ अ कलमही आलं. त्यात नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बाईचा छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद होती. छळ अंगाचा असो की मनाचा, दोन्ही धरले होते. हे चांगलंच झालं.

पण आपले काही कार्यकर्ते भाऊ म्हणतात, "हे शहरातल्या पैसेवाल्यांचं. आपल्यात हुंडा नाही, उलट देज द्यावं लागतं. बाईला पटलं नाही तर काडीमोड करते, दुसरा घरोबा करते." हे अर्धं खरं आहे. काडीमोड मिळते, पण हातात काय मिळतं? जमीन नवऱ्याच्या नावावर. माहेरची जमीन भावांच्या नावावर. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, त्यामुळे तिथूनही हक्क सांगता येत नाही. हिरडा बाई गोळा करते, वाळवते, पैसे नवरा मोजून घेतो. वीटभट्टीवर जोडपं राबतं, उचल मात्र नवऱ्याच्या हातात. मारून मारून अंग काळंनिळं झालं तरी उचल फिटेपर्यंत ती भट्टी सोडू शकत नाही.

आम्ही आंबेगाव-जुन्नरकडची पोरं-पोरी पुण्यात बिगारी नि घरकाम करतो आणि संघटनेचंही काम बघतो. आमच्या वस्तीतली एक बाई डोकं फुटल्यावर चौकीत गेली. तिथं एन.सी. लिहून घेतली आणि "नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी मिटवा" म्हणून परत लावलं. रात्री ती त्याच झोपडीत गेली, कारण दुसरी झोपडीच नव्हती. ४९८ अ तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्या रात्री ती झोपली कुठं असती?

म्हणून आम्ही म्हणतो, मारहाणीचा प्रश्न जमिनीच्या लढाईत आला पाहिजे. हे नवं नाही. शहाद्याकडे १९७२-७३ साली भिल बायांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्याने श्रमिक संघटना फुटली नाही, त्याच बाया जमिनीच्या नि मजुरीच्या लढ्यात पुढे होत्या. बिहारात बोधगयेला मठाच्या जमिनीसाठी लढा झाला. तिथल्या बाया म्हणाल्या, लढलो दोघं, मग जमीन एकट्या नवऱ्याच्या नावावर का? जमीन मिळाल्यावर त्याचा हात अजून चढेल. काही गावांत जमीन बायांच्या नावावर झालीच.

आपल्याकडे १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळायला लागल्या. ज्या जमिनीसाठी बाया मोर्च्यात उन्हात बसल्या, लेकरं कडेवर घेऊन चालल्या, तिच्या सातबारावर नाव कोणाचं लागतं, ते आपापल्या गावात बघा.

आमचं मागणं असं :

१) परत मिळणाऱ्या आणि नव्याने वाटप होणाऱ्या प्रत्येक जमिनीवर नवरा-बायको दोघांची नावं लागावीत. एकट्या, टाकलेल्या, विधवा बाईला तिच्या नावाने जमीन मिळावी. सरकारकडे देऊ त्या प्रत्येक अर्जात हे कलम असावं.

२) मार खाऊन बाई संघटनेकडे आली तर "घरचा मामला" म्हणून परत लावायचं नाही. त्या रात्री राहायला घर, दवाखान्याचा कागद आणि चौकीत सोबत चार माणसं, एवढं गावच्या शाखेने करायचं.

३) बायकोला मारणारा कार्यकर्ता पदावर राहणार नाही.

तिसऱ्या मागणीवर काही भाऊ चिडतील, संघटनेत फूट पाडता म्हणतील. त्यांना आम्ही एवढंच विचारतो, सावकार मारतो तेव्हा तो जुलूम, मग घरात आपण मारतो त्याला काय नाव द्यायचं?

पुढच्या बैठकीला हा विषय घेणार आहोत. बायांना घेऊन या. त्या बोलतील तेव्हा मधे बोलू नका.