नवरात्राच्या आवराआवरीत मांजरीची पिल्लं हलवू नका



घटस्थापना तोंडावर आली आहे. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरपासून परंड्यापर्यंत घरोघरी अंथरूण-पांघरूण धुवायला निघालंय, माळे झाडले जातायत. त्यातच सोयाबीनची काढणी; पोती ठेवायला शेड रिकामं करायचं, ताडपत्र्या उचलायच्या, कडब्याची गंजी सरकवायची. नेमकी त्याच अडगळीत मांजर व्यालेली असते. जुन्या गोधडीच्या घडीत डोळे न उघडलेली तीन-चार पिल्लं दिसतात, आई कुठंच दिसत नाही. मग ‘टाकून गेली’ म्हणत कुणी ती खोक्यात भरून देवळाच्या पायरीशी ठेवतं, कुणी बाजाराच्या गर्दीत सोडून येतं.

बहुतेक वेळा तिनं टाकलेली नसतात. अंगावर पाजणाऱ्या मांजरीला भूक फार लागते आणि तिला आयतं कुणी देत नाही. उंदीर, पाली, उकिरड्यावरचं उष्टं, जे मिळेल त्यासाठी ती तास न् तास बाहेर असते. शिवाय माणसाची चाहूल लागली, कुत्रं हुंगून गेलं किंवा बोका फिरकला की ती जागा बदलते. बोका पिल्लं मारतो, हे तिला पक्कं ठाऊक असतं. मांजर पिल्लांना सात घरं हिंडवते असं आपण म्हणतो, त्यामागं ही भीती आहे. पण तिला एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेता येतं. दोन पोचवून ती तिसऱ्यासाठी परत येते, तोवर आपण उरलेली उचललेली असतात. मग ती दोन-दोन दिवस त्याच जागी येऊन ओरडत राहते.

म्हणून आधी पिल्लांकडं नीट बघा, लांबूनच. अंग कोरडं, स्वच्छ, पोट भरलेलं आणि एकमेकांवर पडून गाढ झोपलेली असतील, तर आई येऊन-जाऊन आहे. खात्री हवी असेल तर भोवती चुलीतली राख पातळ भुरभुरा आणि चार-सहा तासांनी पावलं उमटलीत का पाहा. पीठ टाकू नका, मुंग्या येतात. तो कोपरा राहू द्या. बाकीचं घर आवरून होईल. एका माळ्याची झाडलोट उशिरा झाली म्हणून आई भवानी रुसणार नाही. जागा मोकळी करणं अगदीच भाग असेल, तर पिल्लं त्याच कापडासकट चार पावलांवर आडोशाला ठेवा आणि तिथून दूर व्हा. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला जवळ करत नाही, हा समज खरा नाही. ती येऊन घेऊन जाते. तिच्यासाठी थोडं अंतर राखून पाणी आणि बिनतिखटामिठाचं उकडलेलं अंडं किंवा मासळी ठेवा. पोटाला मिळालं तर तिला लांब भटकावं लागत नाही.

खरोखर आई नसण्याचे प्रसंगही असतात. सोलापूर-हैदराबाद आणि सोलापूर-धुळे हे दोन्ही महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातात, आणि रस्ता ओलांडताना मांजरी गाडीखाली सापडतात. कधी ती आजारी असते, पहिलटकरीण असते, दूध आटलेलं असतं. कधी एखादं अशक्त, गार पडलेलं पिल्लू ती बाजूला सारते. पिल्लं मळलेली, सारखी रडणारी, पोट खपाटीला गेलेली, मुंग्या लागलेली असतील, तर वाट पाहत बसू नका. आधी ऊब द्या: बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळा आणि शेजारी ठेवा. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, दगावतं. गाई-म्हशीच्या दुधानं हगवण लागते. मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर पशुवैद्यकाला विचारून आणा. पाजताना पिल्लू पालथंच धरा. उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा, आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसानं ढुंगण हलकेच पुसावं लागतं, कारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना आपलं आपण शी-शू करता येत नाही. त्याहून सोपा मार्ग गल्लीतच असू शकतो. दुसरी पाजणारी मांजर शोधा. पुष्कळदा ती परक्या पिल्लांनाही पोटाशी घेते.

मुलांना सांगा, पिल्लं उचलायची नाहीत. मांजर चावली किंवा ओरखडली तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी जा.

पिल्लं पोत्यात घालून ओढ्याकाठी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. दरवेळी पिल्लं नकोशी होत असतील तर मांजरीची नसबंदी करून घ्या. पाचव्या महिन्यातच ती गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर असतानाही पुन्हा गाभण राहते. पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध सुटलं की तिला दवाखान्यात न्या. शस्त्रक्रिया कुठं होते ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. उमरगा, लोहाऱ्याकडच्यांना उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करता येईल. गल्लीतल्या चार घरांनी मिळून खर्च उचलला तर एकट्यावर भार पडत नाही.