सोंगावर सोंग कशाला?

बाबांची जुनी सेडान हाती आली, की पहिली डोळ्यांत खुपते ती डॅशबोर्डवरची ‘लाकडी’ पट्टी. बहुतेकदा ते लाकूड नसतंच, प्लॅस्टिकवर उतरवलेली नुसती नक्षी असते. मग आपण काय करतो? वर कार्बन फायबरचं स्टिकर डकवतो! एक सोंग झाकायला दुसरं सोंग. त्यापेक्षा साधी मॅट काळी व्हिनाइल फिल्म लावा ना. क्लिप्स न मोडता पट्टी काढा, तेलकटपणा पुसा, हेअर ड्रायरची ऊब देत कडा दाबा. झालं! फक्त एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका. अपघातात ते क्षणात उघडायला हवं. आधी जीव, मग लूक. आणि पट्टी तशीच ठेवलीत, तरी गाडी तेवढीच पळते बरं का!