बुडालेला महारवाडा मोजला कुणी?



धरणात गाव बुडालं म्हटलं की आपल्यातलाच कुणीतरी पटकन म्हणतो, "बरं झालं. बुडू दे!" ज्या गावानं पाणवठ्याला शिवू दिलं नाही, देवळाच्या पायरीवर उभं केलं नाही, मेलेली ढोरं ओढायला लावली, त्या गावासाठी कसले गळे काढायचे? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांची पार सालटी काढली होती. तेव्हा बुडालेल्या गावावर टिपं गाळणं हे आपलं काम नव्हे. ते करायला पांढरपेशे कवी आहेत.

पण मग हिशेब तरी करा. गाव बुडालं तेव्हा जात बुडाली का? नाही बुडाली. जात ट्रकात बसली आणि नव्या गावठाणात उतरली. बुडाली ती आपली भाकर. आणि त्या भाकरीचा पंचनामा आजवर कुणी केला नाही.

कोयनेचं घ्या. १९६४ ला धरण पुरं झालं. पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतली गावंच्या गावं शिवाजीसागराखाली गेली. सह्याद्रीच्या पोटात बोगदे खोदले. पूर्वेला कृष्णेकडं जाणारं पाणी पश्चिमेला पोफळीकडं वळवलं, जनित्रं फिरवली आणि वाशिष्ठीत सोडून दिलं. वीज झाली, कारखाने चालले, मंत्र्यांचे सत्कार झाले. आणि माणसं? ठाणे, कुलाबा म्हणजे आजचा रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर. भाऊ एका जिल्ह्यात, बहीण दुसऱ्या. नाचणी-वरी पिकवणारी माणसं काळ्या कोरड्या रानात नेऊन टाकली. पुनर्वसनाचा कायदा कधी आला? १९७६ चा. म्हणजे आधी पाणी सोडलं आणि बारा वर्षांनी बुडालेल्यासाठी दोर शोधायला निघाले!

तोवर राज्य चाललं ते इंग्रजांच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यावर. त्या कायद्याला डोळा एकच आणि तो सातबाऱ्यावर. सातबाऱ्यावर नाव असेल तो माणूस. नसेल तो दगडधोंडा.

आपल्याकडं होतं काय? वतनाची जमीन. रात्रंदिवस गावकीची आणि सरकारची वेठ करायची, त्याबदली हाडकी-हाडोळा. १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं. ही गुलामी कायद्यानं मोडायला १९५८ उजाडलं. मोडताना सांगितलं काय, तर जमीन पायजे तर सरकारात पैसे भरा. नेमकी तीच वर्षं धरणाची. एका सातबाऱ्यावर अख्ख्या भावकीची नावं. तुकड्याचा मोबदला तेवढ्या नावांत वाटला तर एकेकाच्या हातात पडणार काय? एक वेळचं लुगडं-धोतर?

आणि ज्याचं नाव कुठंच नव्हतं तो? मांग, रामोशी, धनगर, भूमिहीन बौद्ध? नदीकाठच्या मळीत लावलेली भाजी, डोहातले मासे, खेकडे, गायरानात चरणारी दोन शेरडं, रानातला हिरडा, मध, सरपण, सुगीतली मजुरी. हे सगळं मिळून वर्षाचं पोट भरत होतं. यातल्या एकाही गोष्टीला गट नंबर नाही. म्हणून सरकारच्या लेखी ते बुडालंच नाही. मालकाला दूर कुठं तरी चार एकर मिळाली. मजुराला काय मिळालं? नव्या गावात बांधावर आधीच दुसरे मजूर उभे होते.

आता कायदेपंडित उठतील आणि म्हणतील, "१९७६ चा कायदा झाला, १९८६ चा झाला, १९९९ चा झाला. अजून काय पायजे?" वाचून बघा ना ते कायदे. शेतमजूर हा शब्द आहे त्यात. शब्दानं पोट भरत असतं तर या देशात कुणी उपाशी राहिलं नसतं. पर्यायी जमीन किती द्यायची हे ठरतं गेलेल्या जमिनीच्या मापावर. त्यात अट, मोबदल्यातले ६५ टक्के आधी सरकारात भरा. ज्याला मोबदलाच शून्य त्यानं काय भरायचं, शून्याचे ६५ टक्के?

त्याच कायद्यानं सांगितलं, लाभक्षेत्रात आठ एकरांवर जमीन असणाऱ्याकडून जमीन काढा आणि बुडालेल्याला द्या. पाणी ज्याच्या रानात गेलं त्यानं थोडं सोडावं, एवढंच. पण बागायतदारानं कागदावर वाटण्या केल्या. बायकोच्या नावावर, पोराच्या नावावर, पाळण्यातल्या नातवाच्या नावावर. ऊस त्याचा, कारखाना त्याचा, आमदार त्याचा. धरणग्रस्ताच्या वाट्याला मुरूम.

सांगलीच्या शिराळा तालुक्यात वारणेवर चांदोलीचं धरण झालं. आधी पाण्यानं हुसकलं, मग जंगलानं. १९८५ ला कोयना आणि चांदोलीला अभयारण्यं, २००४ ला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघाला हद्द मिळाली. माणसाची हद्द मात्र दरवेळी थोडी पुढं सरकली.

माणसं गप्प बसली नाहीत. दत्ता देशमुख, बाबा आढाव, भारत पाटणकर यांच्यासारखे लोक धरणग्रस्तांना घेऊन लढले. धरण होऊन ५४ वर्षं झाल्यावर, २०१८ मध्ये, कोयनेच्या लोकांना कोयनानगरला पुन्हा ठिय्या मारावा लागला. या लढ्याला आपला सलाम. पण दोस्तीत एक गोष्ट ठणकावून सांगायला पायजे. "जमिनीला जमीन" ही घोषणा अर्धीच आहे. ज्याची जमीन गेली त्याला जमीन, ठीक. पण ज्याला जमीन कधी मिळूच दिली नाही त्याचं काय? आपण नुसती पहिली घोषणा देत राहिलो तर हजार वर्षांची चोरी कायदेशीर करून देतोय, एवढं लक्षात ठेवा.

याचा अर्थ धरणंच नकोत असा नाही. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून निघाला, मसूर स्टेशनला उतरला आणि पुढं वाटेत त्या पोरांना कुणी पाणी दिलं नाही. बाप कुठं नोकरीला होता? खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावर, तळं खोदायच्या कामावरचा खजिनदार! तळ्याचे पैसे मोजणाऱ्याची पोरं तहानलेली. तोच भीमराव १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाला आणि दामोदर खोऱ्याची योजना त्याच्या खात्यात आकाराला आली. तो धरणाला भ्याला नाही. पाणी अडवायला आपली हरकत नाहीच. हरकत आहे ती पाणी अडवून माणूस अडवण्याला.

आणि दुसरी वाट नाही असं कोण म्हणतं? सांगलीच्याच खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभं केलं. तत्त्व काय ठरवलं? पाणी जमिनीला नाही, माणसाला. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. दुष्काळात पोळलेल्या खेडुतांना कळलेली ही गोष्ट मंत्रालयातल्या सचिवाला कळत नाही, असं मी मानत नाही. कळते. सोयीची नाही, एवढंच.

म्हणून शहरातल्या पोरांनो, नुसतं "बुडू दे" म्हणून हात झटकू नका. तुमचा आजा ज्या गावातून मुंबईला आला त्या गावाचं नाव काढा. धोम असो, कण्हेर असो, उरमोडी, तारळी, वारणा असो, तिथली संपादनाची यादी मागा. आपल्या वस्तीतली किती घरं त्यात आहेत, किती नाहीत, ते मोजा. नव्या गावठाणात आपली घरं पुन्हा कडेला टाकलीत का, स्मशानाला जागा आहे का, नळ कुणाच्या दारापर्यंत आलाय, जाऊन बघा. आणि मागा: भूमिहीनाला जमीन, भूमिहीनाला पाण्याचा हक्क, धरणातल्या मासेमारीचा पहिला ठेका बुडालेल्यांच्या सोसायटीला.

सरकारनं धरणातलं पाणी टीएमसीत मोजलं, वीज मेगावॅटमध्ये मोजली, ऊस टनात मोजला. महारवाडा, मांगवाडा, रामोसवाडा मोजायला त्याच्याकडं माप नव्हतं. ते माप आता आपण घेऊन जायचं.