तिकीट अर्धं, वाट पाहणं पुरेपूर!

मैत्रिणींनो, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण गाडीची वाट पाहण्यात जाणारे आमचे तास कोणी निम्मे केले? बाईचा वेळ फुकटचा, हे घरातलं गणित स्टँडवरही चालतं.

गटाच्या बैठकांसाठी मी तालुक्याच्या स्टँडवर नेहमी तिष्ठत असते. फलकावर वेळ असते, गाडी नसते. चौकशीच्या खिडकीत विचारलं तर "येईल" एवढंच उत्तर. मुतारी पुरुषांना फुकट, बाईला पैसे. आत ना पाणी, ना दाराला कडी. म्हणून बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत. याला सोशिकपणा म्हणून गौरवू नका, हा अन्याय आहे!

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या स्वारगेट स्थानकात पहाटे गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीवर उभ्या बसमध्ये बलात्कार झाला. तुमची गाडी तिकडे लागली आहे, असं सांगून आपल्याला नेलं, असं तिने फिर्यादीत म्हटलं. त्यानंतर चर्चा झाली ती पहारेकऱ्यांची. पहारा हवाच. पण कोणती गाडी कुठे लागली, किती उशिरा येणार, हे भोंग्यावरून सांगणं हीसुद्धा सुरक्षाच आहे. परक्याच्या शब्दावर विसंबायची वेळ कोणावर का यावी?

तेव्हा आपापल्या आगार व्यवस्थापकाला घेराव घालूया. उजेड, बाकं, पाणी असलेलं मोफत स्वच्छतागृह आणि गाडीची खरी वेळ, एवढं लेखी मागूया. सवलतीचे आभार पुष्कळ मानून झाले. आता हक्काचं बोलूया.